चौदाव्या मिनिटाचा डोंगर

माझ्या डोक्याला आज दोन वर्षं आणि चार महिने तेल नाही. का, ते सांगतो. पण मधे बोलायचं नाही. मधे कुणी बोललं की माझा गिअर सुटतो.

मी जनकोजी. मूळचा विट्याकडचा. आमच्याकडची निम्मी माणसं सोनं गाळायला देशभर पांगतात, तसा मीही विशीत इथं चेन्नईला आलो, चुलत्याच्या गलाईच्या दुकानात. ॲसिडच्या धुरानं सहा महिन्यांत घसा गेला. चुलता म्हणाला, तू आपलं स्टिअरिंग धर. धरलं, ते अजून धरलेलंच आहे. शाळा चौथीपर्यंत. तमिळ फर्डी येते. इंग्रजी थोडी कळते, पण कळत नाही असं दाखवता येतं, आणि त्याचा उपयोग जास्त होतो.

सध्या मी एका संस्थेची हवा तपासायची गाडी चालवतो. पुढं माझी केबिन, मधे पत्रा, मागं मशीनची खोली. टपावर चिमणीसारखी एक नळी. दर तासाला नळी दहा मिनिटं हवा ओढते, मशीन ती हुंगतं आणि पडद्यावर डोंगर काढतं. हवेत जे जे मिसळलं असेल त्याचा एकेक डोंगर, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या मिनिटाला. पेट्रोलचा कितव्या, थिनरचा कितव्या, सगळा तक्ता भिंतीवर लावलाय. तक्ता मला वाचता येत नाही, पण डोंगर ओळखू येतात. कुंभार्ली घाटात ट्रक चालवलाय मी, डोंगर मला काय शिकवता.

गाडीची खरी मालकीण म्हणजे विद्युलताबाई. डॉक्टर आहेत, पण सुई टोचणाऱ्या नव्हे. तळेगावच्या. चौतिशीच्या. सडसडीत, केसांचा लांब शेपटा, आणि नाक असं की वास यायच्या आधी कळावा. पहिल्या दिवशी गाडीपाशी आल्या आणि विचारलं, मामा, हा वास कसला? मी कौतुकानं सांगितलं, आमची अन्नपूर्णा घरी तेल कढवते, जास्वंद, वाळा, कापूर घालून. बाईंनी मला नळीजवळ उभं केलं, मशीन चालू केलं, आणि माझ्या डोक्याचा डोंगर दाखवला. सातव्या मिनिटाला, चांगला सज्जनगडाएवढा.

दुसऱ्या दिवशी गाडीत कागद चिकटला. तेल नाही, पावडर नाही, उदबत्ती नाही, पान नाही, तंबाखू नाही. आयुधपूजेला सगळ्या चेन्नईतल्या गाड्या हार घालून, कुंकू लावून, कापूर ओवाळून घेतात. माझी गाडी सुतक असल्यासारखी उभी. अन्नपूर्णा म्हणाली, तुमची ही बाई शास्त्रज्ञ आहे की सासू.

पण मी तेल सोडलं. का सोडलं? तर ती बाई दिवसभर उन्हात माझ्याबरोबर उभी राहायची. सोमवारी नुंगंबाक्कम, मंगळवारी वेलचेरी, बुधवारी अण्णा नगर, शुक्रवारी परत वेलचेरी. वेलचेरीला दोनदा, कारण तिथं पलीकडं दलदल आहे आणि कचऱ्याचा ढीग आहे, आणि त्यातून काय काय वाफा निघतात ते कुणालाच नीट ठाऊक नाही. दर तासाला बाई स्वतः शिडीवरून टपावर चढणार, नळीचं झाकण काढणार, वाकून आतला गाळणीचा कागद चिमट्यानं बदलणार. ते काम दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत. मी खाली शिडी धरून. इतकं कष्टाळू माणूस सांगतंय तर एक वेळ डोकं कोरडं राहू दे म्हणलं.

वेलचेरीला आम्ही पावसाचं पाणी उपसायच्या पंपघराच्या आवारात थांबायचो. तिथला इंजिनिअर गिरिधर. पहिल्याच दिवशी फाटकात एक शेअर ऑटो आडवी आली, तिच्या ड्रायव्हरला मी मराठीत चार शब्द ऐकवले. आतून हा माणूस धावत आला. वाटलं भांडायला आला. तर म्हणाला, "मामा, तुम्ही मराठी बोलतां? मीहि मराठीच. आमचं तंजावर." त्याची मराठी म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांची. 'झालं'ला 'जालं' म्हणणार, 'मला'ला 'मज', आणि सगळं तमिळच्या चालीवर, वाक्याच्या शेवटी झोका देऊन. अडतीस वर्षांचा, सरळ, कपाळावर भस्माचं बोट, बिनलग्नाचा. आई गोदाबाईंबरोबर राहतो. बाईंशी बोलताना मराठी कमी पडली की इंग्रजी, इंग्रजी कमी पडली की गप्प. गप्पच जास्त.

पोंगलच्या आदल्या दिवशी गोदाबाई गोड पोंगलचा डबा घेऊन पंपघरावर आल्या. बाईंचा उघडा शेपटा बघून त्यांना चैन पडेना. स्वतःच्या केसातला मोगऱ्याचा सर अर्धा तोडला आणि बाईंच्या वेणीला माळला. इकडं फूल न माळलेली बाई म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखी. गिरिधर कॉफीचा पेला घेऊन येत होता. बाईंकडं बघितलं आणि कॉफी माझ्या हातात द्यायच्या जागी पंपाच्या पेटीवर ठेवून निघून गेला.

पुढच्या मंगळवारी वेलचेरी स्टेशनाजवळ बाई म्हणाल्या, मामा, त्या फुलवालीपाशी जरा थांबवा. मी उतरून एक मुळम घेतला. मुळम म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत, इथं फूल हातानं मोजतात. शर्टाच्या खिशात ठेवला. बाईंनी तो गाडीत माळला नाही हं. नियम म्हणजे नियम. पंपघरी गाडी लावल्यावर खाली उतरून, आरशात बघून माळला. मी आपला टायरची हवा बघत बसलो. माझ्याही दोन मुली आहेत, मला कळतं कधी टायर बघायचा ते.

सोमवारी नुंगंबाक्कमला फूल नाही. बुधवारी अण्णा नगरला फूल नाही. मंगळवार-शुक्रवार फूल. मी कधी विचारलं नाही.

आणि त्याच महिन्यात तो डोंगर यायला लागला.

चौदाव्या मिनिटाला. उंच नाही, पण टोकदार, टेकडीवर देऊळ असावं तसा. तक्त्यात चौदाव्या मिनिटासमोर रिकामं. नुंगंबाक्कमला नाही, अण्णा नगरला नाही, फक्त वेलचेरीला. बाईंची झोप उडाली. त्यांचं म्हणणं, दलदलीतून नवीन काहीतरी निघतंय, जे आजवर कुणी पकडलं नाही. नाव सांगणारं मोठं मशीन संस्थेत होतं, पण त्याच्यापुढं रांग. नंबर लागणार मार्चच्या शेवटी.

आणि आमचा पेपर त्याच्या आधी. म्हणजे असं, बाईंचं काम तीन वर्षांचं होतं आणि ते मार्चात संपत होतं. त्यातल्याच एका गुरुवारी कमिटी बसणार, काय सापडलं ते ऐकणार, आणि ठरवणार की गाडी पुढं चालवायची की बाईंना तळेगावला पाठवायचं. आमच्या मोठ्या बाई रत्नप्रभा, जन्म इथलाच, मराठी फक्त रागावल्यावर बोलतात. त्यांनी विद्युलताबाईंना स्वच्छ सांगितलं होतं, नवीन काही असेल तर तीन वर्षं मिळतील, नसेल तर मी काही करू शकत नाही. तर सगळा भार त्या चौदाव्या मिनिटावर. बाई राहणार की जाणार, ते त्या टेकडीवर. आणि गिरिधर तर अजून कॉफीच्या पुढं सरकला नव्हता.

आता बाईंच्या वहीत सगळं लिहिलेलं असायचं. वारा कुठला, ऊन किती, आसपास कोण कोण. फेब्रुवारीत एकदा पानं उलटताना त्या थांबल्या. एका शुक्रवारी डोंगर नव्हता. त्या शुक्रवारी गिरिधर ट्रेनिंगला गेला होता. आणखी मागं गेल्या. एका मंगळवारी नव्हता, त्या दिवशी गिरिधरला ताप. बाईंचा चेहरा असा झाला, जसा माझा पोलिसानं शिट्टी मारल्यावर होतो. म्हणाल्या, मामा, हा गिरिधरचा वास आहे.

मला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी गिरिधरला बोलावलं आणि सरळ सांगितलं की तुमच्या अंगाला काहीतरी लागलेलं आहे, ते माझ्या मशीनला झोंबतंय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, मी सरकारी माणूस आहे. हा म्हणाला, काय सोडूं ते सांगा.

पहिल्या आठवड्यात भस्म सोडलं. डोंगर तिथंच. मग खोबरेल. डोंगर तिथंच. मग घरी धूप घालायचा नाही, डब्यात हिंग नाही. गोदाबाईंचा मला फोन आला, की त्या मुलीनं माझ्या लेकाला कसला नवस बोलायला लावला. शेवटी साबण सोडला. कपडेही नुसत्या पाण्यात पिळलेले. चेन्नईत, मार्चात, पंपघरात काम करणारा माणूस. मी तीन हात लांबून बोलायला लागलो. पण बाईंच्या समोर तो असा ताठ उभा राहायचा, जणू पदक मिळणार आहे. आणि बाई त्याच्या शर्टाची बाही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद करायच्या, हळूच, त्याच्या हाताला हात न लावता. मी ते बघितलं आणि मनात म्हणलं, अरे देवा, ही दोघं अशीच म्हातारी होणार.

मग बाईंनी शेवटचा उपाय काढला. गिरिधरला सांगितलं, या शुक्रवारी तुम्ही येऊच नका, सुट्टी घ्या. तो आला नाही. फुलवालीपाशी मी सवयीनं ब्रेक मारला तर आतून बाई म्हणाल्या, आज नको. दिवसभर हवा ओढली. चौदावं मिनिट सपाट, उसाचं रान तोडल्यासारखं. मंगळवारी गिरिधर आला. डोंगर आला. बाईंनी वही मिटली. आता शंकाच उरली नाही. नवीन वायूही नाही, काही नाही. ज्या माणसासाठी त्या दर मंगळवारी आरशात बघायच्या, तोच त्यांचा डोंगर. त्या दिवशी परत येताना मी सिग्नलला दोनदा विचारलं, बाई, पाणी हवं का. नको म्हणाल्या.

घरी गेलो. शर्ट काढून खुर्चीवर टाकला. अन्नपूर्णेनं तो उचलला, हुंगला आणि खाली बसली.

"एक विचारू?" म्हणाली. "खरं सांगा. दर मंगळवारी-शुक्रवारी तुमच्या खिशाला मोगऱ्याचा वास येतो. मला तर कधी एक पाकळी आणली नाहीत. कोण आहे ती?"

मी भडकलो. म्हणलं, वेड लागलंय का, बाईंसाठी घेतो, मंगळवारी-शुक्रवारीच माळतात त्या. आणि ते वाक्य माझ्याच तोंडातून बाहेर पडताना मी ऐकलं. तसाच उभा राहिलो, बनियनवर.

मंगळवार, शुक्रवार. गिरिधर असेल तर फूल. गिरिधर नसेल तर 'आज नको'. बाई शिडीवरून वर जातात, वाकतात, शेपटा खांद्यावरून पुढं घसरतो आणि त्याचं टोक, गजऱ्यासकट, नळीच्या तोंडावर. मी खालून रोज बघत होतो. शिडी धरून.

बाईंना वास कसा आला नाही म्हणाल तर ते मला गलाईनं शिकवलंय. ॲसिडच्या भट्टीपाशी दहा मिनिटं बसलं की ॲसिड नाहीसं होतं. म्हणजे असतं तिथंच, आपलं नाक सोडून देतं. आणि फूल तर बाईंनी गाडीत माळलंच नव्हतं. नियम गाडीतल्या हवेचा होता. टपाचं कुणी लिहिलं नव्हतं.

मी अन्नपूर्णेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या मशीनला किती महिने लागले म्हणालात? मी दोनदा हुंगून सांगितलं असतं.

पण सांगायचं कसं? बाईमाणूस. तिला म्हणायचं काय, की बाई, तुमचा गजरा त्या माणसासाठी असतो, हे तुमच्या मशीननं लिहून ठेवलंय? रात्र तशीच गेली. सकाळी फुलवालीकडून दोन मुळम घेतले.

बुधवार, अण्णा नगर. तिथं तो डोंगर कधीच आलेला नव्हता. बाईंनी टपावर जाऊन कागद बदलला, उतरल्या, आत जाऊन बसल्या. केसात काही नाही. मी मग शिडी चढलो. गुडघे कुरकुरले. दोन्ही सर गळ्यात घातले आणि नळीला बिलगून उभा राहिलो, दहा मिनिटं. खाली बसस्टॉपवरची माणसं बघायला लागली. मिशा, गळ्यात हार, गाडीच्या टपावर. एका म्हाताऱ्यानं तमिळमधून विचारलं, कुठल्या पक्षाकडून उभा आहेस. मी हात जोडले. दोघांनी उलट हात जोडले.

थोड्या वेळानं मागचं दार धाडकन उघडलं. बाई बाहेर आल्या, हातात कागदाची पट्टी, चेहरा उजळलेला.

"मामा, इथंही आला. म्हणजे गिरिधर नाही. तो नाहीच आहे."

आणि मग वर बघितलं.

मी गजरा नीट केला. बाईंनी हळूहळू स्वतःचा शेपटा पुढं घेतला, त्याचं टोक बघितलं, नळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पायरीवर बसल्या. मी उतरलो, शेजारी बसलो. म्हणलं, मोठ्या मशीनचा नंबर महिन्याच्या शेवटी आहे. उद्या तुम्ही गप्प बसलात तर कुणाला कळणार नाही. तीन वर्षं पदरात पडतील, मग काय ते बघू.

बाई बराच वेळ पाकळ्या वेचत होत्या, माझ्या शर्टावरच्या.

"मी तुमचं तेल सोडवलं, मामा. त्या माणसाचा साबण सोडवला. आणि फूल माळून मीच वर चढत होते." मग म्हणाल्या, "उद्या सांगायचं."

"सगळं?" मी विचारलं.

"विचारतील तेवढं."

गुरुवारी कमिटीच्या खोलीत मला दाराशी उभं केलं होतं, साक्षीदार म्हणून. पंपघराच्या परवानगीसाठी गिरिधरलाही बोलावलेलं. कोपऱ्यात बसला होता, आसपासच्या दोन खुर्च्या आपोआप रिकाम्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाईंनी डोंगर दाखवला, आणि मग तो डोंगर मोगऱ्याचा आहे, आपल्याच वेणीतला आहे, असं सरळ सांगून टाकलं. हा शोध आमच्या ड्रायव्हरांचा, असंही म्हणाल्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला इंग्रजी कळत नाही असा चेहरा मी केला.

कमिटीतले एक चष्मेवाले वैतागले. त्यांनी विचारलं, फूल तर रोजचं, मग डोंगर फक्त वेलचेरीला का?

त्या खोलीत मराठी कळणारी माणसं मोजून चार. बाईंनी समोर बघितलं नाही, कोपऱ्याकडंही बघितलं नाही, पडद्याकडं बघून मराठीत म्हणाल्या, "कारण फूल मी फक्त तिथंच माळते. तिथं बघणारं माणूस असतं."

चष्मेवाल्यांनी रत्नप्रभाबाईंना विचारलं, काय म्हणाली? मोठ्या बाईंनी चष्मा पुसला, परत घातला आणि इंग्रजीत सांगितलं, स्थानिक परिस्थितीमुळे. चष्मेवाल्यांनी मान डोलावून ते लिहून घेतलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून गिरिधर उठला. घाम आलेला. सगळ्यांना वाटलं पंपघराचं काही बोलणार. तो म्हणाला, "तर मग मी आतां साबण लावूं का?"

बाईंनी तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "लावा," म्हणाल्या. "आणि रविवारी आईंना घेऊन या, माझ्याकडं जेवायला."

हे मात्र रत्नप्रभाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि कमिटीला म्हणाल्या, की जे मशीन एक हात लांबीचा गजरा पकडतं, ते उद्या टाकीतली गळतीही पकडेल, तेव्हा याचा हिशेब चूक म्हणून नका धरू, मशीनचं नाक किती तिखट आहे त्याचा दाखला म्हणून धरा. चष्मेवाले कुरकुरले. तीन वर्षं काही दिली नाहीत. एक दिलं. बाई म्हणाल्या, एक पुरे. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, खरं तर दीड लागेल, पण तेव्हा बोलवेना.

आता कागदावर नवीन ओळ वाढलीय. फूल माळलेलं असेल त्या दिवशी गाडीपासून पन्नास पावलं लांब. म्हणजे मंगळवारी-शुक्रवारी बाई तिकडं पंपघराच्या सावलीत गिरिधरबरोबर कॉफी पीत बसतात, गोदाबाईंनी दिलेलं काहीबाही खातात, आणि टपावर चढून चिमट्यानं कागद बदलायचं काम माझ्याकडं आलं. साठीला आलेला माणूस. पण हात थरथरत नाही माझा, बाई स्वतः म्हणतात. दसऱ्यानंतर लग्न आहे. कुठल्या पद्धतीनं, त्यावर दोन्हीकडची मराठी अजून भांडतेय.

परवा मी हळूच विषय काढला. म्हणलं, बाई, सगळ्यांचं सुटलं. गिरिधरला साबण मिळाला, भस्म मिळालं, तुम्हाला पन्नास पावलांवर का होईना फूल मिळालं. आता माझ्या तेलाचं तेवढं बघा.

बाईंनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून. आणि म्हणाल्या, "मामा, आता नळीपाशी तुम्हीच चढता ना?"

अन्नपूर्णेनं काढून ठेवलेली तेलाची बाटली परत फडताळात ठेवली. मी तिला दर शुक्रवारी एक मुळम आणतो. तो मात्र खिशात नाही, डब्यात, झाकण लावून.